देठाकडची चकती

दुधीवर उभी हयात घालवलेल्या आमच्या धर्मराज सरांनी आजवर एकही दुधी स्वतःच्या हाताने चिरलेला नाही. हे कळायला मला इतकी वर्षं लागायला नको होती. माणसाच्या बोटांकडे बघितलं तरी समजतं. सरांची बोटं कायम लग्नघरातल्या पाहुण्यासारखी असतात, गुलाबपाणी शिंपडून घ्यायला पुढे केलेली.

आमची बियाण्यांची कंपनी तुर्भ्याला आहे. खाली गोदाम, मधल्या मजल्यावर लॅब, वरच्या मजल्यावर सर आणि एसी. एकरांनी भाजी पिकवून ट्रकने बाजारात धाडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आम्ही नवे वाण तयार करतो. लवकर लागणारे, एकसारखे दिसणारे, क्रेटमध्ये शहाण्या मुलांसारखे रांगेत बसणारे. खायला कसे लागतात हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात शेवटी विचारतात, तोही जेवणाची सुट्टी व्हायला आली की.

'गोडवा' हा दुधी माझा. माझा म्हणजे, त्याचे आईबाप मी निवडले. उरणच्या प्लॉटवर किती संध्याकाळी मी त्यासाठी उभी राहिले असेन, माझं मला माहीत. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, पांढरी, कागदासारखी, उजेड गेला तरी दिसत राहणारी. मादी कळीला दुपारीच कागदी टोपी घालून ठेवायची. उमलली की टोपी काढून आपल्याला हवा तो पराग लावायचा आणि टोपी परत घालायची. नाहीतर कुठल्या तरी कुंपणावरच्या कडू भोपळ्याचा पराग पायाला माखून एखादा पतंग येतो आणि आपल्याआधी काम उरकून जातो. तसल्या बीचा वेल दिसतो अगदी शहाण्यासारखा. फळही देखणं. पण कडू. आणि दुधीतला कडूपणा कारल्यासारखा नसतो, की मीठ लावलं, पिळलं, झालं. तो विषारी असतो. असल्या दुधीचा ग्लासभर रस पोटात गेला तर धडधाकट माणूस रक्ताच्या उलट्या करत दवाखान्यात जातो. माणसं मेलीसुद्धा आहेत.

ईश्वरी पोटात होती तेव्हा डॉक्टरांनी मला पलंगावरून उठायची बंदी केली. विक्रीच्या बियाण्याचा पहिला मोठा लॉट माझ्याशिवाय तयार झाला.

बाळंतपणाची रजा संपवून परत आले तर गोडव्याचं पोस्टर छापून झालं होतं. हिरव्यागार दुधीला सर असे काही कवटाळून उभे होते, जणू कळा त्यांनीच सोसल्या होत्या. खाली 'संकल्पना व संशोधन: डॉ. धर्मराज.' त्याखाली, भिंगातून वाचावं अशा अक्षरात, 'सहकार्य: मोनाली व इतर.' इतर म्हणजे बहुधा पतंग असावेत.

नाव काय ठेवायचं यावर म्हणे दोन मीटिंगा झाल्या होत्या. मार्केटिंगच्या ऋषीने आधी 'मायाळू' सुचवलं होतं.

"अरे, मायाळू ही पालेभाजी आहे," मी म्हटलं. "भजी करतात तिची."

"मग तर बेस्टच की मॅडम! लोकांना नाव आधीच माहीत असणार."

हा मुलगा भाज्यांचं मार्केटिंग करतो. पगार माझ्यापेक्षा जास्त आहे.

ईश्वरीसाठी दूध काढायला कंपनीने मला बियाण्याची उगवण तपासायच्या खोलीत जागा दिली. ओलसर, उबदार खोली. ट्रेमध्ये मिरचीचे कोंब, वांग्याचे कोंब, आणि मधे मी, पंपाची घरघर करत. मला ती खोली आवडायची. त्या अख्ख्या इमारतीत खरोखर वाढत असलेल्या गोष्टी तेवढ्याच होत्या. दुधाची बाटली मी परागाच्या कुप्यांशेजारी फ्रिजमध्ये ठेवायचे. एकदा सरांनी ती दोन बोटांनी धरून बाहेर काढली.

"मोनाली, हा फ्रिज रिसर्च मटेरियलचा आहे."

"हेपण तेच आहे सर. त्याचा निकाल घरी रांगतोय."

सर हसले नाहीत. सर फक्त स्वतःच्या विनोदांना हसतात, आणि त्यांना सोबत म्हणून ऋषी.

तर, चव. गोडव्याची चव तपासायची सरांनी एक पद्धत काढली होती, तिला ते 'होम ट्रायल' म्हणायचे. त्याच लॉटचं बी उरणच्या प्लॉटवर लावलं होतं, आणि दर शुक्रवारी आबिदा तिथून क्रेट घेऊन यायची. आबिदा म्हणजे आमची तिथली फील्ड ऑफिसर, उरणचीच. जो तो एक दुधी उचलून घरी न्यायचा आणि सोमवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर चव कळवायचा. 'गोड.' 'मस्त.' 'फॅमिली हॅपी.' अंगठे, टाळ्या, जीभ बाहेर काढलेले चेहरे. कडू लागला असं एकानेही कधी लिहिलं नाही. मीसुद्धा 'छान, गोडसर' असं लिहिलं होतं. त्या जोरावर येत्या शनिवारी वाशीच्या एका हॉलमध्ये डीलर मीट ठरली. पाकिटं गोदामात भरून तयार होती.

त्याच्या आदल्या शनिवारी मी ईश्वरीला पहिल्यांदा भाजी भरवायला घेतली.

उष्टावण होऊन काही दिवस झाले होते. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली होती, तेव्हा बाईसाहेबांनी खिरीपेक्षा मामाच्या अंगठीत जास्त रस घेतला होता. आता डॉक्टर म्हणाले, दुधी वाफवून, कुस्करून द्या, पोटाला हलका. मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. माझ्या लेकीच्या तोंडात पहिली भाजी जाणार ती मी घडवलेली! जुईनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात ती टेबलाला लावायच्या खुर्चीत बसली होती, हाताने टेबल बडवत. तिच्या तळहाताला अजून नीट रेषा नाहीत, नुसत्या वळ्या आहेत. शुक्रवारी आणलेला दुधी मी धुतला, देठाकडची चकती कापली आणि सवयीने जिभेला लावली.

जीभ आत ओढली गेली. कान गरम झाले.

मी चूळ भरायला वळले तेवढ्यात ईश्वरीने टेबलावरच्या ताटलीतली ती चकती उचलली. या वयात सगळं जग तोंडात घालून बघायचं असतं. मी झडप घातली. चकती तिच्या मुठीतून सोडवताना ती बोटं एकेक करून उघडावी लागली, आणि प्रत्येक बोट उघडताना मला वाटत होतं, आपला जीव याच बोटात आहे. ती भोकाड पसरून रडली. मी तिचे हात चोळचोळून धुतले.

"काय झालं गं?" म्हणत सासूबाई आल्या. माझ्या सासूबाई सत्यभामा, साताऱ्याकडच्या. सगळ्या सोसायटीला त्यांचा दरारा आहे आणि त्यांना कुणाचा नाही.

"आई, हा दुधी कडू आहे."

"मग टाक की. त्यात काय रडायचंय पोरीला."

"कडूजार आहे, आई!"

"असतोय गं एखादा. तुज्या त्या हापिसातल्या दुध्यांत निगतोयच. मागंबी टाकलं की म्या. दोन का तीन."

मी ईश्वरीला खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिले. "टाकले? मग मी खाल्ली ती भाजी?"

"ती व्हय? ती खालच्या भाजीवाल्याकडच्या दुधीची. तू म्हनलीस, लई ग्वाड झालीया. म्या म्हनलं, असू दे, पोरगी खूश हाय."

"मला सांगितलं का नाहीत?"

"आता काय सांगायचं त्यात? केर काडल्याला सांगत्यात व्हय कुनी?" सासूबाईंनी माझ्या हातातून ईश्वरीला घेतलं. "आन दुधी चिरताना माणसानं बोलू नये. बोललं की कडू हुतोय. तू बोलत आसशील."

मी वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट घेतलेली बाई. मी बाजारातल्या दुधीची चव माझ्या वाणाच्या नावावर कळवली होती.

आणि मग एकदम डोळ्यांपुढे आलं. ऑफिसातली ती सगळी मंडळी. शुक्रवारी दुधी काखेत मारून नेणारी आणि सोमवारी अंगठे दाखवणारी. त्यांच्यातल्या कुणीच दुधी चिरत नव्हतं. घरोघरी कुणीतरी बाई देठाकडची चकती जिभेला लावत होती, कडू निघाला तर तो केरात टाकत होती, आणि त्याच्याबद्दल चकार शब्द न काढता दुसरं काहीतरी फोडणीला घालत होती. आमच्या एवढ्या मोठ्या संशोधनात कडू दुधी ताटापर्यंत पोचतच नव्हता. खोटं कुणीही बोललं नव्हतं. एकाने तरी बोलायला हवं होतं, म्हणजे निदान वाटलं असतं की डोकं वापरलंय.

सोमवारी मीटिंगमध्ये मी सांगितलं, तर सर माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी टेबलावर लंगोट बदलतेय.

"एका दुधीवरून?"

"एका नाही सर. माझ्याच घरी तीन-चार निघाले. प्रत्येकाने घरी फोन करून विचारा, किती टाकले."

"मॅडम, आमच्याकडे तर एकदम गोड होता," ऋषी म्हणाला. "मी स्वतः खाल्लाय."

"लाव फोन आईला. स्पीकरवर."

ऋषीला वाटलं, त्याचं काही बिघडत नाही. त्याने फोन लावला.

"मम्मी, परवाचा दुधी कसा होता गं?"

"कुठला दुधी?"

"अगं, मी ऑफिसातून आणलेला. ज्याची भाजी केलीस."

"तो? तो टाकला मी, कडू होता. तुला दोडका केलेला."

"दोडका? पण मी दुधी खाल्ला ना!"

"तुला कधीपासून कळायला लागलं रे, दुधी काय आणि दोडका काय? आणि ऐक, येताना कोथिंबीर आण. मागच्यासारखा पुदिना आणू नको."

ऋषीने फोन बंद केला. खोलीत कुणीतरी खोकलं. आबिदा खिडकीतून बाहेर बघत होती, तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर आणखी कुणी फोन लावायला तयार होईना. सरांना मी म्हटलं, "सर, तुम्ही वहिनींना विचारता का?"

"माझ्या मिसेसना असल्या फालतू गोष्टींसाठी मी डिस्टर्ब करत नाही. मी रोज सकाळी याच दुधीचा ज्यूस पितो, मोनाली. रोज. मला काही झालंय?"

आबिदा वळली. "सर, लॉटच्या वेळेस फुलांना टोप्या घातल्याच नव्हत्या. मी तेव्हाच बोलली होती तुम्हाला. संध्याकाळच्या बायांचा ओव्हरटाइम बंद केला, मग टोप्या कोण घालणार? पलीकडच्या कुंपणावर कडू भोपळा हाय, तेपण बोलली होती."

"तो बजेटचा निर्णय होता."

"पतंगाला नाय ना कळत बजेट."

सरांनी पेन खाली ठेवलं. सर पेन ठेवतात तेव्हा काहीतरी थोर वाक्य येणार असतं.

"समजा, धरून चालू, की अधूनमधून एखादा कडू निघतो. तुम्हीच सांगताय की गृहिणी तो चाखते आणि बाजूला करते. मग प्रॉब्लेम कुठे आहे? घराघरात क्वालिटी कंट्रोल बसलेलंच आहे. फुकटात."

मी हे वाक्य जसंच्या तसं ऐकलं आहे. माणूस किती शिकू शकतो आणि किती शिकूनही कोरडा राहू शकतो, हे बघायचं असेल त्याने आमच्या वरच्या मजल्यावर यावं.

"आणि बागांच्या गेटवर सकाळी रस विकतात, ते चाखतात? ज्या शेतकऱ्याचा क्रेट कडू निघेल त्याच्या मालाला व्यापारी पुन्हा हात लावेल? सर, हा लॉट नष्ट करा. मला एक हंगाम द्या. टोप्या घालून परत बी धरते."

"मोनाली." आवाज एकदम मवाळ, म्हणजे आता जास्तच वाईट काहीतरी. "तू आई झालीयेस. या दिवसांत बायका जरा हळव्या होतात, सगळीकडे विष दिसतं. नॅचरल आहे. पण एक लक्षात घे. शनिवारचं लाँच थांबलं तर मॅनेजमेंट गोडवा बंद करेल. दुसरा चान्स नसतो. तुझाच वाण आहे. तूच मारणार आहेस का?"

माझाच वाण. पोस्टरवर तो त्यांचा होता. मारायच्या वेळी मात्र माझा झाला.

त्या आठवड्यात मी दोन मेल वर पाठवले. एकाचं उत्तर आलं: 'नोटेड.' रोज घरी येऊन ईश्वरीला छातीशी घ्यायचे आणि मनात दोन्ही बाजूंनी भांडायचे. पाच वर्षांचा दुधी एकीकडे. दुसरीकडे कुठलं तरी दुसरं स्वयंपाकघर, तिथे कुणीतरी नवखी आई घाईत, न चाखता, वाफवून, कुस्करून... पुढचं मला मनात आणता येत नसे. ईश्वरी दूध पिता पिता मधेच थांबून वर बघायची आणि हसायची, ओठांच्या कडेने दूध ओघळायचं. सरांना हे हळवेपण वाटतं. मला वाटतं, यापेक्षा कठीण गोष्ट माझ्यात दुसरी नाही.

शनिवारी वाशीच्या हॉलमध्ये डीलर आले, मोठे बागायतदार आले. काही फलटणकडचे, काही नाशिककडचे. गळ्यात हिरवे पट्टे, हातात समोशाच्या प्लेटा. ऋषीची कल्पना अशी की स्टेजवर सर ताज्या गोडव्याचा रस पिणार. रसाचा काउंटर स्टेजलाच लागून, आणि काउंटरवर मी.

"तुला बरं पडेल," सर म्हणाले होते. "मदर्स टच."

मी आबिदाला सांगितलं होतं, क्रेट निवडलेला आणू नको. वेलांवरून येईल तसा आण. ती हसली होती. "निवडलेला मला जमतच नाय."

पहिल्या रांगेत जयमालावहिनी बसल्या होत्या, सरांच्या पत्नी. मऊ, गोल, सदा घाईत असल्यासारख्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते, डब्याला फडकं बांधून, 'डबा परत करायची घाई नाही' असं सांगून. सरांनी त्याच दिवशी माझ्या रजेच्या अर्जावर 'कारण स्पष्ट करा' असं लिहिलं होतं. नऊ महिन्यांचं कारण.

सरांचं भाषण सुरू झालं. मी सुरी घेतली. एकेका दुधीची देठाकडची चकती कापून जिभेला लावत गेले. गोड. गोड. गोड. खरोखर काय गोड होता! काकडीसारखा करकरीत, दूधसाखरेची नुसती चाहूल असलेला. चवीने जीव भरून आला, आणि वाटलं, असू दे, नसेल निघत यात एखादा, होऊन जाऊ दे. पुढचाही गोड निघाला. त्याच्या पुढचा कडू.

मोह झाला. तो दुधी सोलून मिक्सरमध्ये घालायचा, मीठ-जिरं टाकायचं आणि ग्लास वर द्यायचा. बस. स्टेजवर सर स्वतःच्या हाताने स्वतःचं संशोधन पिणार. मी थांबले ते सरांची दया येऊन नाही. समोर जयमालावहिनी पदराने कपाळ टिपत होत्या, आणि सरांना दवाखान्यात नेलं असतं तर उशाशी त्याच बसल्या असत्या.

मी त्या कडू दुधीची एक पातळ चकती ताटलीत ठेवली आणि पायऱ्या चढून स्टेजवर गेले. ऋषीचे डोळे मोठे झाले. सर माइकवर म्हणत होते, "...आणि आता तुमच्यासमोर मी स्वतः..."

"सर, रसाच्या आधी एक चकती," मी म्हटलं. माइक सुरू होता. "सगळे बघतायत."

सरांनी ताटलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. चकती त्यांनी उचलली मात्र, त्या गुलाबपाण्याच्या बोटांनी. आणि मग, कुणी न सांगता, काही विचार न करता, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांचा हात आपोआप खाली पहिल्या रांगेकडे गेला.

"जयू, बघ गं जरा."

वहिनी लगबगीने पुढे झाल्या. चकती घेतली, दाताने तोडली. त्यांचा चेहरा असा गोळा झाला की पहिल्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या. पदरात थुंकून वहिनी म्हणाल्या, "शी! कडूजार आहे हो! हाही तसलाच निघाला. आता घरी आणू नका बाई हे. रोज तुमच्या ज्यूसचा दुधी मी चाखून घेते म्हणून बरं, नाहीतर केव्हाच..."

सर माइक हातात धरूनच वाकले होते. वहिनींचा शब्द न् शब्द हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला.

मग मागून फलटणकडचे एक डीलर उठले, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा.

"सायेब, एक इचारू का? बियान्याच्या पाकिटासंगं वयनीबी मिळनार का?"

हॉल फुटला. समोसे खाली पडले. वहिनी लाजून चूर झाल्या आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. फक्त एक तरणा बागायतदार हसत नव्हता. त्याने उभं राहून सरळ विचारलं, "वेल चढवायला माझा चार एकर मंडप उभा आहे. त्यात कडू वेल किती निघतील, तेवढं सांगा. बाकीचं भाषण नको."

मला वाटलं, आता संपलं. दुधी माझा गेला. गेला तर गेला. ताटली हातात धरून मी उभी होते आणि छातीत दूध दाटून आलं होतं, घरी ईश्वरीच्या भुकेची वेळ झाली होती.

पण मी सरांना ओळखायला कमी पडले. इतकी वर्षं मी त्यांचा जेवढा तिरस्कार केला तेवढा पुरेसा नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

सरांनी घसा साफ केला. हात जोडले. आणि म्हणाले, "मित्रहो, हेच तुम्हाला दाखवायचं होतं. हाच तो कडू दुधी, जो दुसऱ्या कंपन्या तुमच्यापासून लपवतात. आम्ही तो तुमच्यासमोर चाखला. माझ्या घरच्या माणसाला चाखायला दिला! म्हणून आज मी जाहीर करतो, गोडवा एक हंगाम उशिरा येईल. हा लॉट आम्ही नष्ट करतोय. ही आमची नीतिमत्ता!"

टाळ्या. उभं राहून टाळ्या. तो तरणा बागायतदारसुद्धा मान डोलवत खाली बसला. ऋषी फोनवर व्हिडिओ काढत होता, त्याचे डोळे भरून आले होते. आबिदा माझ्याजवळ सरकली आणि कानात म्हणाली, "हंगाम मिळाला ना? मग वाजव टाळ्या."

मी वाजवल्या. ताटली काखेत धरून.

सोमवारी सर्क्युलर निघालं. यापुढे प्रत्येक फळ शिजवण्याआधी देठाकडून चकती कापून चाखायचं. याला 'डी. आर. प्रोटोकॉल' म्हणावं. धर्म-राज, सरांच्याच नावाची आद्याक्षरं. सासूबाईंना मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कसला कॉल म्हनलीस? दुधी चाखायला फोन कशाला लागतोय?" संध्याकाळच्या बायांचा ओव्हरटाइम सुरू झाला आहे. कागदी टोप्यांची गठ्ठेच्या गठ्ठे ऑर्डर गेली आहे, आणि बी धरायचं काम सर्क्युलरमध्ये माझ्या एकटीच्या नावावर आहे. काही बिघडलं तर सापडावी म्हणून असेल. मला चालेल. उरणला परत जायला मिळतं. कडू भोपळ्याचा तो वेल कुंपणावर अजून आहे. आबिदाने मालकाशी बोलून त्याच्या कळ्या खुडायची परवानगी काढली आहे. पहिली टोपी घातली त्या संध्याकाळी ईश्वरीला मी बरोबर नेलं होतं. पांढरी फुलं एकेक करून उघडत होती आणि ती आबिदाच्या कडेवरून त्यांना बोट दाखवून 'ऊं' म्हणत होती, दर फुलाला एकदा, हजेरी घेतल्यासारखी.

त्या शनिवारच्या क्रेटमधला एक दुधी मी घरी आणला होता. हॉलमध्ये चाखलेला, सगळ्यात गोड निघालेला. घरी मी तो परत चाखला. सासूबाईंनी चाखला. नवऱ्याच्या हातात सुरी दिली, त्याला चकती कापायला लावली आणि चाखायला लावलं. त्याने आधी विचारलं, "साल काढायची असते का?" मग वाफवला, कुस्करला, वर तुपाचा थेंब सोडला. ईश्वरीला खुर्चीत बसवलं. आम्ही तिघं तिच्यासमोर उभे. पाच वर्षांचं माझं काम चमच्याच्या टोकावर होतं.

तिने तोंड उघडलं. घास आत घेतला. क्षणभर थांबली. मग तो सगळा घास सावकाश, मुळीच घाई न करता, हनुवटीवरून खाली सोडून दिला, आणि माझ्याकडे बघितलं.

"ग्वाड हाय की गं बाय!" सासूबाई म्हणाल्या.

ईश्वरीवर काही परिणाम झाला नाही. भुवया वर, ओठ खाली, नजर थंड. तो चेहरा मी ओळखते. दर सोमवारी मीटिंगमध्ये माझा हाच असतो, फक्त मी गिळून टाकते.

मी तिचं तोंड पुसलं आणि तिचे दोन्ही गाल इतके चुंबले की ती वैतागून मला मारायला लागली.